नवव्या टेकमधला डोनट

—नाही, थांबा, मिस ब्रँड, ते वाक्य खोडा. चुकीचं लिहिलंय तुम्ही, मला इथून दिसतंय. उलटी अक्षरं वाचण्याचा मला पस्तीस वर्षांचा सराव आहे, दिग्दर्शकाच्या मांडीवरचा कागद मी समोरच्या स्टुलावरून वाचत असे. 'चूक माझी नव्हती' असं मी म्हणाले नाही. 'चूक माझ्या नजरेतून सुटली नव्हती' असं म्हणाले. ही दोन निराळी विधानं आहेत, आणि त्यांतला फरक ज्याला कळत नाही त्याने जुन्या चित्रपटांच्या संस्थेत नोकरी धरू नये — रागावू नका, मी सगळ्यांशीच अशी बोलते, मी तर आमच्या पाद्रीबाबांचंही व्याकरण सुधारते, आणि तेही रविवारी. कॉफी घ्या. साखर तिथे, डाव्या हाताला. दोन घाला, तीन घाला.

आता तुमचं म्हणणं मी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे घोटाळा नको. 'मिसेस ॲलार्डचं प्रस्थान' या चित्रपटाचं शेवटचं रीळ तुमच्या गोदामात कुजलं. वसंतात कोरिन हॅडलीच्या स्मरणार्थ एक संध्याकाळ ठेवलीय, तिथे नवी प्रत दाखवायची आहे. म्हणून ते रीळ नव्याने जोडायचं, आणि त्यातल्या एका क्लोज-अपचे दोन टेक तुमच्याकडे शाबूत आहेत, चौथा आणि नववा. चौथ्यात ती डोनटला हात लावत नाही. नवव्यात खाते. जगाने अठ्ठावीस वर्षं नववाच पाहिला. पण तो शॉट घेतला त्या दिवसाचं, माझ्या हातचं नोंदींचं पत्रक आता तुम्हांला सापडलंय, आणि त्यावर माझ्या अक्षरात स्वच्छ आहे — चौथा, योग्य. नववा, जुळत नाही, रद्द. तेव्हा तुमचे साहेब, मिस्टर प्रेंटिस, असं म्हणतात की मी हे पत्रक खरं असल्याचं लिहून दिलं, तर नववा चुकून लागला असं धरून ते चौथा लावतील, आणि माझ्या नावावरचा डाग कायमचा धुतला जाईल. असंच ना? मान हलवलीत तरी पुरे.

डोनटची गोष्ट तुम्हांला पाठ असणार, तरी मी सांगितल्याशिवाय राहणार नाही, कारण सांगताना मला अजून हसू आवरत नाही — त्या डोनटपायी अब्रू गेली, तरी आवरत नाही. मिसेस ॲलार्ड, म्हणजे आपली कोरिन. नवरा गेला, घर विकलं, बस स्थानकावरच्या उपाहारगृहात एकटी बसलीय, पुढ्यात कॉफी आणि एक डोनट. पटकथेत लिहिलंय: 'ती डोनटकडे पाहते. तिला इच्छा नाही.' लांबचा शॉट — डोनट अखंड. मग जवळचा — अर्धा डोनट गायब, ओठांवर साखर, आणि बाई हसतेय. मग पुन्हा लांबचा, ती उठून बसकडे चालू लागते, आणि मागे बशीत डोनट परत अखंड, जखम भरून यावी तसा भरून आलेला. ओहायोतल्या एका दंतवैद्याने स्टुडिओला पत्र धाडलं की हे खाऊन पुन्हा उगवणारं खाद्य कुठे मिळतं ते कळवावं, घरी सहा मुलं आहेत. मग चित्रपटांतल्या गमतीदार चुकांचं एक पुस्तक निघालं, त्यात पान सदतीसवर मी: 'स्क्रिप्ट क्लार्क बहुधा डुलकी घेत असावी.' डुलकी. मी. त्यानंतर ज्या ज्या सेटवर गेले तिथे माझ्या खुर्चीवर कुणीतरी डोनट ठेवलेला — 'बसा, मिस क्रॅनशॉ, पण बेताने, खालून वाढायचा.' आणि मी, मिस ब्रँड, तो उचलायची, बाजूला ठेवायची आणि बसायची.

स्क्रिप्ट क्लार्क म्हणजे काय हे तुमच्या पिढीला सांगावं लागतं. एकच प्रसंग तुकड्यातुकड्यांनी, मागेपुढे, कधी तीन आठवड्यांच्या अंतराने चित्रित होतो. मग पेला कुठल्या हातात होता, सिगारेट किती जळली होती, कोटाची कितवी गुंडी उघडी होती, हे सगळं कुणीतरी टिपलेलं असावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे मी. शाळा तेराव्या वर्षी सुटली माझी, वडिलांची लाँड्री होती. पण त्यानंतर सार्वजनिक वाचनालयातला विश्वकोश मी पहिल्या खंडापासून क्रमाने वाचला, अकरा वर्षं लागली, आणि मधला एक खंड कुणीतरी नेऊन परत केला नव्हता म्हणून काही विषयांवर मी आजही मत देत नाही. पटकथा लिहिणारे महाविद्यालयात गेलेले, पण त्यांची वाक्यं माझ्या हातून जायची. 'मिस क्रॅनशॉ, हा खुनी माणूस आहे, तो व्याकरणशुद्ध कशाला बोलेल?' — 'खून केला म्हणून कर्त्याप्रमाणे क्रियापद चालवायचं सोडलं पाहिजे असं नाही, सर.' कोरिन पाठीमागे उभी, हसण्याचा आवाज दाबायला तोंडात हातमोजा कोंबून.

तिचं नाव कोरिन नव्हतं हे तुमच्याकडे असेलच. ओपल स्टुकी. कॅन्ससमधलं गाव, गहू आणि धान्याच्या कोठारांपलीकडे काही नाही. जत्रेतल्या सौंदर्यस्पर्धेत पहिली आली आणि बक्षीस म्हणून एक शिलाई मशीन आणि इकडे स्टुडिओत यायचं तिकीट. एकोणचाळीस साल. तिचे दात बदलले, कपाळावरचे केस विजेने काढून कपाळ मोठं केलं, बावीसची होती ती एकोणीसची केली. नाव ठरवायला पाच माणसं सकाळपासून बसलेली, दुपारी एकाने खिडकीतून पाहिलं, खाली सामान वाहून नेणारा ट्रक उभा, त्यावर 'हॅडली आणि मुलगे' — झालं. ती म्हणायची, 'आयडा, नशीब खाली कसाई उभा नव्हता.' कॅन्ससचा हेल घालवायला एक बाई ठेवली, ती तिला तोंडात बूच धरून कविता म्हणायला लावायची. हेल गेला. मात्र शिव्या दिल्या की परत यायचा, आणि शिव्या ती फार सुंदर द्यायची, धान्याच्या जातींवरून.

एकतीस चित्रपट, मिस ब्रँड. त्यांत नऊ वेळा मेली. दोनदा विष, तीनदा गोळी, एकदा कडा, एकदा समुद्र, एकदा निव्वळ पश्चात्ताप, आणि एकदा कशाने ते दिग्दर्शकाला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही, तो म्हणाला, 'कोरिन, तू नुसती मर, मरणाचं कारण आपण संकलनात शोधू.' आणि रडायची कशी — तुम्ही ऐकलं नसेल — मी स्वतः टिपलेलं आहे. 'मिस हॅडली, अश्रू हवा.' — 'कुठल्या डोळ्यातून?' — 'डाव्या.' — 'किती?' — 'एक. आणि गालाच्या मध्यावर थांबला तर प्रकाशयोजनेला बरं.' थांबायचा. मध्यावर थांबायचा. माझ्या पत्रकात आहे: 'अश्रू, एक, डावा, मध्यावर.' दुसऱ्या दिवशी जवळचा शॉट जुळवायचा, मी तिला कागद दाखवला की ती म्हणणार, 'बघू — हां, कालच्यापेक्षा अर्धा इंच वर होता,' आणि तिथेच आणणार. एकदा नृत्याच्या प्रसंगात भाड्याच्या मिंक कोटासह कारंज्यात पडली, सगळे धावले, दिग्दर्शक डोकं धरून बसलेले — आणि ही पाण्यातून वर आली, केसांवर कमळाचं खोटं पान, आणि पहिला शब्द काय? 'आयडा, पंखा कुठल्या हातात होता गं?' उजव्या. उजव्या हातात होता, आणि पडतानाही तिने तो उजव्याच हातात ठेवला होता. अशा बाईवर माणूस जीव टाकणार नाही तर काय.

पण हसू मात्र पडद्यावर कधी दिलं नाही तिला कुणी. ती मूळची विनोदी होती. जेवणाच्या सुट्टीत सुतार, विजेवाले, घोडेवाले सगळे तिच्याभोवती, ती आमच्या मालकांची नक्कल करायची, पोट धरून लोळायचे. कॅमेऱ्यासमोर मात्र फर, हिरे आणि मरण. आणि उपास. हो, उपासच. तिच्या करारात वजन लिहिलेलं होतं, पौंडांत, आणि दर सोमवारी सकाळी नर्स फिलबिनच्या काट्यावर उभं राहायचं. एक पौंड चढला की वाफेच्या पेटीत, मान तेवढी बाहेर. सकाळी काळी कॉफी, दुपारी सार, म्हणजे ज्या पाण्याने कोंबडी नुसती लांबून पाहिलीय ते पाणी. मंगळवारी अर्धं उकडलेलं अंडं, गुरुवारी चार पानं सॅलड आणि लिंबू, शुक्रवारी — कसं आठवतं म्हणजे? लिहिलेलं आठवतं. माझं लिहिलेलं मला सगळं आठवतं. — नाही, या पत्रकांवर नाही, या पत्रकांवर अंडं कशाला येईल? दुसऱ्या वहीत. दुसरी वही म्हणजे... तुमची कॉफी गार होतेय, मिस ब्रँड.

मी तुम्हांला रॉकेलचं सांगत होते. नव्हते? मग सांगते. सेटवरचं अन्न खायचं नसतं. मेजवानीचा प्रसंग असला की टेबलभर कोंबड्या, केक, फळं, आणि भोवती दीडशे एक्स्ट्रा, पहाटे चारपासून उभे, पोटात कावळे ओरडतायत. दोन टेकच्या मध्ये कोंबडीचं तंगडं गायब झालं की माझा जीव गेला, मागच्या शॉटशी जुळणार कसं? म्हणून सामान सांभाळणारा ओट्टो लेम्क, तो हातपंप घेऊन फिरायचा आणि सगळ्या ताटांवर रॉकेल फवारायचा. वरून चकाकीही छान यायची. सगळ्यांना माहीत असायचं, कुणी बोट लावायचं नाही. बारा वर्षांत कोरिनने कितीतरी मेजवान्यांच्या शेजारी बसून संवाद म्हटले असतील, समोर रॉकेलचा केक. ती म्हणायची, 'आयडा, मला आता वासानेच भूक लागते. एक दिवस मी पेट्रोल पंपावर जेवायला जाणार.' — हसा, हसा, मीही हसलेच होते तेव्हा.

तर त्या दिवशी. एक्कावन्न सालचा मे. शेवटचा दिवस चित्रीकरणाचा, आणि कोरिनच्या कराराचाही शेवटचा. सोमवारी काट्यावरून उतरली तेव्हाच वरच्या मजल्यावर बसून स्टुडिओचा कारभार पाहणाऱ्या मिस्टर डिल्वर्थनी तिला कळवलं होतं की करार पुढे वाढवायचा नाही. चौतीस वर्षांची झाली, एवढंच कारण. सकाळी लांबचे दोन्ही शॉट झाले. डोनट अखंड. दुपारी जवळचा. ओट्टोने बारा डोनट फवारून ओळीने ठेवलेले, एक खराब झाला तर दुसरा हवा म्हणून. चौथा टेक उत्तम झाला, तुम्ही पाहिलाच आहे. डोनटकडे पाहते, इच्छा नाही, नजर वर. निर्दोष. मी 'योग्य' लिहिलं. दिग्दर्शक मिस्टर रस्टिन म्हणाले, आणखी काही घेऊ, प्रकाश आहे तोवर. पाच, सहा, सात, आठ. आणि आठव्यानंतर तिचे केस नीट करायला केशरचनेवाली आली, ओट्टो मागच्या पडद्याची कुठलीशी दोरी ओढायला गेला, आणि बशी एकटी होती — आणि मी ती बदलली.

हो, मी. माझ्या पिशवीत कागदात गुंडाळलेला होता, त्याच दुकानातला, त्याच आकाराचा, मी दोन दिवस आधी मोजमाप घेतलं होतं. त्यावर रॉकेल नव्हतं. सकाळी सहाला विकत घेतलेला, साखर लावलेला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आणि तुम्हांलाही सांगणार नव्हते, पण तुम्ही अशा गप्प बसता की माणूस बोलत सुटतो. ही तुमची युक्ती आहे का? असो. का म्हणजे? तिचा शेवटचा दिवस होता. मैत्रीण होती. तेवढं पुरेसं नाही का तुम्हांला?

— नाही. पुरेसं नाही, तुमचं बरोबर आहे. अर्धवट विधान हे चुकीच्या विधानाइतकंच वाईट, असं मीच सहायकांना शिकवत असे.

त्रेचाळीस साली मिस्टर डिल्वर्थनी मला वर बोलावलं. स्क्रिप्ट क्लार्कला वर कुणी बोलावत नसे. मी नवी टोपी घालून गेले. ते म्हणाले, 'मिस क्रॅनशॉ, तुमच्यासारखं नेमकं टिपणारं या स्टुडिओत कुणी नाही.' माझं अक्षर वाखाणलं. मग म्हणाले, 'तुम्ही तिच्या हातातला पेला टिपताच. पेल्यात काय होतं आणि किती पोटात गेलं तेही टिपा. एक रकाना जास्त, बाकी काही नाही. तिच्याच भल्यासाठी.' आणि निळ्या कापडाची एक वही दिली. दर शनिवारी ती वर जायची, सोमवारी परत यायची. आठ वर्षं. मी खोटं एक अक्षर लिहिलं नाही, हे लक्षात घ्या. वाढवलं नाही, कमी केलं नाही. दिसलं ते लिहिलं. मला त्याचा अभिमान होता. ती म्हणायची, 'या नर्सबाईला कसं कळतं गं सगळं? काट्याला कान आहेत की काय?' आणि मी म्हणायची, 'असतील.'

सत्तेचाळीस साली एक विनोदी चित्रपट यायचा होता. खानावळ चालवणाऱ्या विधवेची भूमिका, खूप बडबडी, सगळ्या गावाला भंडावून सोडणारी. कोरिनने ती भूमिका मागितली, आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं. तिने चाचणी दिली आणि चाचणीला हसून हसून कॅमेरामनचा हात हलला, मी स्वतः टिपलंय, 'कॅमेरा अस्थिर, कारण हसू'. भूमिका तिचीच होती. त्याच आठवड्यात माझा वाढदिवस. तिने नारळाचा केक आणला, स्वतःच्या हातांनी केलेला, ओपल स्टुकीने केलेला, एका बाजूला कललेला, आणि माझ्या छोट्या खोलीत दार लावून आम्ही तो खाल्ला. तिने एक तुकडा खाल्ला. मग आणखी अर्धा. बोटं चाटली. मला म्हणाली, 'आयडा, आज तुझा दिवस, आज मी मेलेली नाही.' आणि शनिवारी मी वहीत लिहिलं: 'केक, नारळाचा, दीड तुकडा.' कारण ते खरं होतं. कारण रकाना होता. मिस्टर डिल्वर्थनी तिला बोलावून सांगितलं की शिस्त नसलेल्या माणसाला नव्या प्रकारच्या भूमिका देता येत नाहीत, आणि ती विधवा दुसऱ्या कुणीतरी केली, बरी केली, विसरलं जग तिला. खोलीत आम्ही दोघीच होतो. दीड तुकडा हा आकडा तिच्यासमोर उच्चारला गेला असणार. एवढं गणित तिला कॅन्ससमध्ये शिकवलं होतं.

ती मला एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सेटवर आली, 'सुप्रभात, आयडा, पंखा कुठल्या हातात?' — तशीच. मी मनाशी म्हटलं, तिला कळलं नाही. चार वर्षं मी तसंच म्हणत राहिले.

रुमाल नको. माझ्या डोळ्यांत काही नाही. आता पुढचं ऐका, पुढचंच खरं मजेचं आहे.

नववा टेक. कॅमेरा सुरू. मिसेस ॲलार्ड डोनटकडे पाहते, इच्छा नाही — आणि पाहता पाहता तिच्या नाकपुड्या हलल्या. तुमच्याकडे ती फिल्म आहे, परत पाहा, अगदी बारीक. रॉकेलचा वास नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा समोरचं अन्न अन्नासारखं वास देतंय. मला वाटलं होतं, टेक संपल्यावर, दिवे विझल्यावर मी तिला हळूच सांगेन, कोपऱ्यात जाऊन खा. एवढाच माझा बेत होता, देवाशपथ. पण हिने तो तिथेच उचलला. कॅमेरा चालू, चाळीस माणसं श्वास रोखून, ओट्टो मागून 'अरे अरे अरे, मरेल ती' असं ओरडत दोरी सोडून धावत निघालेला, त्याला विजेवाल्याने कमरेला धरलेला — आणि हिने घास घेतला. चावला. डोळे मिटले. मग दुसरा घास, मोठा, गाल फुगलेला, ओठांवर साखर, आणि मग ती हसायला लागली. ते हसू तुम्ही पाहिलंय. कॅन्ससचं हसू होतं ते, त्याला शिकवणी लागलेली नव्हती. मिस्टर रस्टिन थांबवायचंच विसरले. रीळ संपेपर्यंत ती खात राहिली आणि हसत राहिली, आणि नजर कॅमेऱ्याच्या जरा डावीकडे — समीक्षकांनी काय काय लिहिलंय त्या नजरेवर, ती भविष्याकडे पाहते, ती परलोकातल्या नवऱ्याकडे पाहते. कॅमेऱ्याच्या डावीकडे माझं स्टूल असायचं.

आणि शेवटी ओठ हलतात, हो. मिस्टर रस्टिननी तिथे संगीत घातलं, म्हणून ऐकू येत नाही. मला कळलंय की एका विद्यापीठात मुलांना ते ओठ वाचायला लावतात. कुणी म्हणतं 'निरोप घेते', कुणी म्हणतं 'अखेर मोकळी'. मूर्खपणा. तोंडात घास होता तिच्या, घास तोंडात असताना 'निरोप घेते' कोण म्हणेल? ती म्हणाली, 'हेही लिही, आयडा.'

तेवढंच. रागाने नाही, टोमणाही नाही — म्हणजे टोमणा होता, पण असा की शेजारीण कुंपणावरून मारते आणि वर वाटीभर काहीतरी देते. तेव्हा मला कळलं, तिला कळलेलं आहे, पहिल्यापासून कळलेलं आहे, आणि डोनट कुणी ठेवला तेही. आणि मला हसू फुटलं, मिस ब्रँड. सेटवर, कॅमेरा चालू असताना, मी हसले. चाळीस माणसांनी पाहिलं. मग मी पत्रकावर लिहिलं: 'नववा. डोनट खाल्लेला. जुळत नाही. रद्द.' कारण जुळत नव्हता. आणि निळ्या वहीत त्या दिवशी काही लिहिलं नाही. ती वही मी त्या शनिवारी त्या दिवसाची जागा कोरी ठेवूनच वर पाठवली, आणि ती परत आली नाही.

रस्टिन हट्टाला पेटले, हाच टेक लावायचा. संकलक ओरडला, जुळत नाही, लोक हसतील. 'हसू देत.' चित्रपट लागला, दंतवैद्याचं पत्र आलं, मग वर्तमानपत्रात आलं, आणि वरून विचारणा झाली, जबाबदार कोण? रस्टिनना पुढचा चित्रपट हवा होता. ते म्हणाले, 'माझ्या स्क्रिप्ट क्लार्कला विचारा, डुलकी लागली असेल.' माझ्याकडे हे पत्रक होतं. ते टेबलावर ठेवलं असतं तर त्याच क्षणी सुटले असते. पण मग पुढचा प्रश्न आला असता, की बाई रॉकेलचा डोनट खाऊन धडधाकट राहिली कशी, आणि चांगला आला कुठून. आणि त्यामागून आणखी प्रश्न, आणि त्यांतून ती निळी वही सगळ्या सेटसमोर. त्या सुतारांसमोर, घोडेवाल्यांसमोर. म्हणून मी म्हणाले, 'असेल, सर.' यात त्याग बिग काही नाही, लिहू नका तसं. घाबरले होते मी.

ती नंतर? अगदी मजेत. दूरदर्शनवर कुत्र्यांच्या खाद्याची जाहिरात केली आणि ते खाद्य चाखून 'रॉकेलपेक्षा बरं' म्हणाली, ते कापावं लागलं. मग उन्हाळी नाटकं, मग परत कॅन्सस, तिथे एका गुरांच्या डॉक्टरशी लग्न. एकशे नव्वद पौंड झाली होती. धान्याच्या गाड्या तोलायच्या काट्यावर गव्हाच्या पोत्यांबरोबर स्वतःचं वजन करून फोटो पाठवला होता. दर नाताळात पत्र यायचं, आणि पत्रात दुसरं काहीच नाही. 'सकाळी: तीन धिरडी, मधासह. दुपारी: डुकराची चॉप, बटाटे, परत बटाटे. चारला: पाहुण्यांसाठी केलेला केक, पाहुणे येण्याआधी.' खाली सही, ओपल. पंचवीस पत्रं आहेत. गेल्याच्या गेल्या नाताळात आलं नाही, तेव्हा मी समजले.

आता तुमच्या कागदाचं. द्या इकडे. 'पत्रक अचूक असून नववा टेक चुकून समाविष्ट केला गेला' — चांगलं वाक्य आहे, कर्मणी प्रयोग नीट जमलाय. यावर मी सही केली की पान सदतीस खोटं ठरतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे मी. मेल्यावर लोक म्हणतील, क्रॅनशॉची नजर कधी चुकली नाही. मला हवं होतं हे, खोटं कशाला बोलू, ते पुस्तक निघाल्यापासून रोज हवं होतं. आणि वसंतात दिवे मालवतील, पाचशे माणसं बसतील, आणि कोरिन डोनटकडे पाहील, तिला इच्छा नाही, नजर वर, निर्दोष — आणि एकतीस चित्रपटांत ती एकदाही हसलेली नाही, असं होईल. पुन्हा माझ्या अक्षरावरून.

लेखणी द्या. तुमची नको, ती झिरपते. माझी, त्या पुस्तकांशेजारची. नवा कागद. लिहिते मीच, तुम्ही वाक्यं लांबवता. — 'दिनांक एकोणीस मे, एकोणीसशे एक्कावन्न, या दिवसाच्या पत्रकावरील नवव्या टेकपुढची माझी नोंद चुकीची आहे. दिग्दर्शकांनी तो टेक योग्य ठरवला होता. त्या वेळी माझं लक्ष नव्हतं. मला डुलकी लागली होती. आयडा एम. क्रॅनशॉ, स्क्रिप्ट क्लार्क.' पुरे. मिस्टर प्रेंटिसना दाखवा, नोंदच चुकीची म्हटल्यावर त्यांना नववाच लावावा लागेल, त्यांच्या नियमात बसतं हे.

काय झालं? तोंड का उघडं आहे तुमचं? हो, मला माहीत आहे ते खोटं आहे, तासभर तुम्हांला तेच तर सांगितलं. विधान खोटं आहे, सही खरी आहे. शाई वाळली की घडी घाला, आधी नको. आणि आता निघा, मिस ब्रँड. मला आणखी काही बोलायचं नाही.